नॉमिनॅटिममध्ये भारताची इम्पोर्ट अर्ध्यात मरते. डिस्क रिकामी, तरी 'नो स्पेस लेफ्ट'

डिस्पॅचवाला, इंदूर

मंडळी, नमस्कार. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचा औषधांचा घाऊक धंदा. ऑफिस दवा बाजारात, गोदाम देवास नाक्याच्या पुढे. मी लागलो डिस्पॅचवर, पण प्रिंटर अडकला की मलाच हाक, नेट गेलं की मलाच हाक, असं करत करत सर्व्हरही माझ्या गळ्यात पडला. माल एका अंगाला देवास, उज्जैन, शाजापूर असा जातो आणि दुसऱ्या अंगाला आग्रा-मुंबई रस्त्यानं मानपूर, धामनोद, ठीकरी, सेंधवा करत पार शिरपूर-धुळ्यापर्यंत. दुकानांचे पत्ते बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. त्यांचे अक्षांश-रेखांश निघाले तर गाड्यांचा रोजचा क्रम नीट लावता येईल, एवढीच माफक इच्छा.

आधी पैसे भरून एक सेवा घेतली होती. पहिलं बिल बघून शेठ म्हणाले, एवढ्यात तर एका छोट्या हत्तीचा हप्ता निघतो. ती बंद. ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशाच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते आणि मोठ्या प्रमाणात एकगठ्ठा पत्ते टाकू नका असं सांगितलेलं आहे. ते रास्तच आहे, फुकटच्या सर्व्हरवर कुणी आपला सगळा धंदा चढवू नये. म्हणून त्या नकाशातून पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढणारं सॉफ्टवेअर, नॉमिनॅटिम, आमच्याच मशीनवर बसवायचं ठरलं.

मशीन असं: ८ कोर, ३२ जीबी रॅम, १ टीबीची एनव्हीएमई, उबुंटू. नॉमिनॅटिमची तयार डॉकर इमेज (सगळं आत बांधून दिलेलं पॅकेज, ते कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतं) घेतली आहे. त्याच्या सेटिंगची कम्पोज फाइल आमच्याकडे आधी असलेल्या मुलानं लिहून ठेवलेली, तो आता पुण्याला असतो. जिओफॅब्रिक या साइटवरून अख्ख्या भारताची पीबीएफ (ओएसएम नकाशाची डेटा फाइल) उतरवली, दीड जीबीच्या आसपास भरते.

आता रडगाणं. इम्पोर्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी मरते.

कधी ओएसएमटूपीजीएसक्यूएलच्या, म्हणजे नकाशा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरणाऱ्या प्रोग्रॅमच्या, टप्प्यातच. नोड, वे, रिलेशन (नकाशाचे बिंदू, रेषा आणि त्यांचे गट) सगळं मोजून होतं, इंडेक्स बनवायला घेतं आणि मग 'सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली'. त्याच्या खाली 'द डेटाबेस सिस्टिम इज इन रिकव्हरी मोड'.

हा टप्पा कधीकधी पार पडतो. मग इंडेक्सिंग (प्रत्येक जागेचा पत्ता जुळवणं) सुरू होतं, रँक (मोठ्या जागांपासून छोट्यांपर्यंतच्या पायऱ्या) भराभर सरकतात, २६ वर आलं की वेग मंदावतो (रस्ते असतात म्हणे त्यात), आणि तिथे कुठेतरी 'कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट', पुढे एक लांबलचक आकडा आणि शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क बघितली तर सातशे जीबीच्या वर मोकळी! कुठल्या डिव्हाइसवर जागा नाही हे त्यालाच ठाऊक.

सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार पुढे. रात्री लावून घरी जावं, सकाळी येऊन लॉग बघावा, तर तो पहिल्यापासून नोड मोजत बसलेला. म्हणजे रात्री कधीतरी मेलं, आपणहून उठलं आणि आधी केलेलं सगळं पुसून पुन्हा सुरू. अर्धा झालेला डेटाबेस गायब.

कॉम्प्युटरवाला म्हणतो रॅम ६४ करा. शेठना मागायच्या आधी विचारतोय: खरंच रॅम कमी पडते आहे का? खरं कारण कुठे लिहिलेलं सापडेल? आणि आमच्या कामाला अख्खा भारत घालायची गरज आहे का?

बिनधास्त_कोड

नॉमिनॅटिमच्या नादी लागू नका. फोटॉन बसवा, तेही पत्तेच शोधतं, तयार डेटा मिळतो, तासाभरात चालू.

जुना डीबीए, ग्वाल्हेर

फोटॉन चांगलंच आहे, पण त्याचा तो तयार डेटाही कुणीतरी नॉमिनॅटिमच्या डेटाबेसमधूनच काढलेला असतो. यांचं मशीन या कामाला पुरेसं आहे. आधी काय बिघडलंय ते बघू.

डिस्पॅचवाले साहेब, रॅमवाल्याला आज फोन करू नका. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींची तीन वेगळी कारणं दिसतात. लॉगची शेवटची ओळ बघून निष्कर्ष काढायचा नसतो. पोस्टग्रेसचा एक प्रोसेस मेला की बाकीचे सगळे एकदम बोंबलतात आणि तुमच्या हाती येते ती बोंब.

तीन गोष्टी बघून इथे टाका. पहिली, मुख्य मशीनवर, कंटेनरच्या बाहेर, 'डीमेसेज' (कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा आणि ती ओळ जशीच्या तशी द्या. पहिला शब्दही गाळू नका. दुसरी, कंटेनरच्या आत जाऊन 'डीएफ -एच' (कुठे किती जागा मोकळी ते दाखवतं). बाहेरचं नको, आतलं. तिसरी, कम्पोज फाइलमधल्या मेमरी, एसएचएम (सामायिक मेमरी) आणि रीस्टार्टच्या ओळी.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

डिस्पॅचवाला, इंदूर

धन्यवाद काका. (काका म्हटलं तर चालेल ना? 'जुना' लिहिलंय म्हणून म्हणतोय.)

डीमेसेजमध्ये अशा ओळी पुष्कळ आहेत: 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', मग आकडा, मग कंसात पोस्टग्रेस.

कम्पोज फाइलमध्ये 'मेम लिमिट: ८जी' आहे. 'रीस्टार्ट: ऑलवेज' आहे. एसएचएमचा उल्लेखच नाही.

कंटेनरच्या आतल्या डीएफमध्ये मोठ्या डिस्कची ओळ आहे, मोकळीच. खाली एक बारकी ओळ: 'एसएचएम', आकार ६४ एम, वापर ०, टक्के ०. म्हणजे तीही रिकामीच की!

जुना डीबीए, ग्वाल्हेर

काका चालेल. नातू आहे मला.

पहिली भानगड. कर्नल जेव्हा नुसतं 'आउट ऑफ मेमरी' लिहितो तेव्हा अख्ख्या मशीनची रॅम संपलेली असते. तुमच्या ओळीची सुरुवात 'मेमरी सीग्रुप' अशी आहे, म्हणजे मशीनची नाही, त्या कंटेनरला आखून दिलेली हद्द संपली. ३२ पैकी वीसेक जीबी निवांत बसून होते आणि आत पोस्टग्रेस आठ जीबीत गुदमरत होता. ६४ जीबी घातले असते तरी तो आठातच मेला असता. म्हणून म्हटलं फोन करू नका.

आठ जीबी का पुरले नाहीत ते सांगतो. नॉमिनॅटिमच्या कागदपत्रांत पोस्टग्रेससाठी शिफारशी दिल्या आहेत: शेअर्ड बफर्स २ जीबी, मेंटेनन्स वर्क मेम १० जीबी, ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम २ जीबी. हे आकडे मोठ्या मशीनसाठी आहेत, सगळं जग इम्पोर्ट करणाऱ्यांसाठी. त्यांना १२८ जीबी रॅम सुचवलेली असते, आणि ६४ पेक्षा कमी असेल तर मेमरी संपल्याची तक्रार घेऊन येऊच नका असं तिथे स्पष्ट लिहिलंय. बऱ्याच तयार इमेजमध्ये हेच आकडे उचलून घातलेले असतात. मेंटेनन्स वर्क मेमची मर्यादा एकेका इंडेक्सपुरती असते. दोन-तीन इंडेक्स एकदम बनायला लागले की प्रत्येक जण दहापर्यंत हात पसरू शकतो. ऑटोव्हॅक्यूमचे (टेबलं आपोआप साफ करणाऱ्याचे) मुळात तीन कामगार, तेही आपापला वाटा मागतात. ही बेरीज आठात बसत नाही. कधी पार पडतं, कधी नाही, हे त्या क्षणी कोण किती मागतो त्यावर.

तुमच्यासाठी माझे आकडे: कंटेनरची हद्द २४ जीबी करा, मशीनवर दुसरं काही नसेल तर काढूनच टाका. शेअर्ड बफर्स २ राहू दे. मेंटेनन्स वर्क मेम २. ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम अर्धा जीबी. ओएसएमटूपीजीएसक्यूएलची कॅश साधारण पीबीएफच्या आकाराएवढी, तुम्हाला २००० एमबी पुष्कळ झाली. थ्रेड आठऐवजी सहा. कुणी फ्लॅटनोड फाइल (नोडचे ठावठिकाणे ठेवणारी वेगळी फाइल) लावा म्हणेल तर लावू नका. ती नोडच्या सगळ्यात मोठ्या क्रमांकाप्रमाणे वाढते, तुमच्या डेटाप्रमाणे नाही, त्यामुळे एका जिल्ह्यासाठीही शंभर जीबीच्या घरात जाते. खंड किंवा जग घालायचं असेल तेव्हा तिचा उपयोग.

दुसरी भानगड, 'नो स्पेस'. पोस्टग्रेस एखादी क्वेरी समांतर चालवतो तेव्हा कामगार प्रोसेसांना एकमेकांशी देवाणघेवाण करायला सामायिक मेमरी लागते. लिनक्सवर ती देव-एसएचएम या जागेत बनते, आणि डॉकर प्रत्येक कंटेनरला ती मुळात ६४ एमबीच देतो. शेअर्ड बफर्सचा तिच्याशी संबंध नाही, ते वेगळीकडून येतात. तुमचं गोदाम रिकामं आहे, पण ज्या फळीवर माल उघडून बघायचा ती वीतभर. जागा संपली ती फळीवर. ओळीत 'शेअर्ड मेमरी सेगमेंट' लिहिलंच होतं, पण शेवटचे पाच शब्द इतके ओळखीचे असतात की माणूस थेट डिस्क बघायला धावतो.

आणि ती ओळ रिकामी दिसली कारण तुम्ही नंतर बघितलंत. क्वेरी मेली की तो तुकडा लगेच सुटतो. चालू असताना बघायचं, 'वॉच' (तीच कमांड पुन्हापुन्हा चालवणारं) लावून. उपाय कम्पोजमध्ये एका ओळीचा: 'एसएचएम साइझ: १जीबी'.

तिसरी भानगड, सकाळची. 'रीस्टार्ट: ऑलवेज' मुळे मेलेला कंटेनर डॉकर लगेच उठवतो. अशा इमेजची सुरुवातीची स्क्रिप्ट 'इम्पोर्ट पूर्ण' अशी खुणेची फाइल शोधते. ती सापडली नाही की जुना डेटाबेस ड्रॉप करून पहिल्यापासून. म्हणजे पुढे चालू करण्याजोगं जे काही होतं ते तुम्ही झोपेत असताना पुसलं गेलं. इम्पोर्ट संपेपर्यंत रीस्टार्ट 'नो' ठेवा.

आता पुढे चालू कसं करायचं ते. कुठल्या टप्प्यावर पडलं त्यावर अवलंबून. ओएसएमटूपीजीएसक्यूएलमध्येच पडलं तर मी हळहळत बसत नाही, डेटाबेस ड्रॉप करून नव्यानं लावतो. त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे प्लेस टेबलातून प्लेसएक्समध्ये भरणं. तिथे पडलं तर 'नॉमिनॅटिम इम्पोर्ट --कंटिन्यू लोड-डेटा'. इंडेक्सिंगमध्ये पडलं तर 'नॉमिनॅटिम इम्पोर्ट --कंटिन्यू इंडेक्सिंग', आणि हे सगळ्यात सोयीचं: प्लेसएक्समध्ये प्रत्येक ओळीला इंडेक्स्ड स्टेटस असतो, शून्य झालेल्यांना तो पुन्हा हात लावत नाही. उरलेल्यांचंच काम करतो. शेवटच्या शोध-इंडेक्सांच्या टप्प्यात पडलं तर 'डीबी-पोस्टप्रोसेस'. यासाठी कंटेनर नेहमीच्या स्क्रिप्टनं उठवू नका. बॅशनं उघडा, पोस्टग्रेस हातानं सुरू करा, नॉमिनॅटिमचा वापरकर्ता होऊन प्रोजेक्टच्या फोल्डरात जा, मग कमांड.

राजेंद्रनगरी

इंदूरचाच आहे, म्हणून एक सांगून ठेवतो भिया. काकांनी सगळं सांगितलं, पण लाईट राहिली. पावसाळा तोंडावर आहे. इम्पोर्टच्या वेळी एफसिंक (लिहिलेलं खात्रीनं डिस्कवर पोचवणं) बंद ठेवतात, वेग यावा म्हणून. तुमच्या इमेजमध्येही असेल. यूपीएस आहे का?

जुना डीबीए, ग्वाल्हेर

बरोबर आठवण केलीत. पण एक फरक लक्षात घ्या, लोक इथे उगाच घाबरतात. एफसिंक बंद असताना नुसता पोस्टग्रेसचा प्रोसेस मारला गेला तर डेटा सहसा शाबूत असतो, कारण लिहिलेलं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात पोचलेलं असतं. मशीनच बंद पडलं, लाईट गेली, तर मात्र डिस्कवर काय पोचलं आणि काय नाही याचा भरवसा नाही. तसं झालं तर कंटिन्यू वगैरे करत बसू नका, सरळ नव्यानं. आणि इम्पोर्ट संपल्यावर एफसिंक आणि फुल पेज राइट्स परत चालू झालेत ना, हे स्वतः 'शो' करून बघा.

नकाशाताई, बडोदे

डेटाबेसचं काकांनी सांगितलं, मी फाइलचं सांगते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही.

अख्खा भारत नको. जिओफॅब्रिकवर भारताचे विभागही मिळतात, पण तुमची गंमत अशी की मध्य प्रदेश मध्य विभागात, उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि छत्तीसगडच्या सोबत, आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात गुजरात-गोव्याबरोबर. सेंधवा एका फाइलमध्ये आणि शिरपूर दुसऱ्या. मग लोक दोन फाइली जोडायला जातात. ऑस्मियम या टूलच्या 'मर्ज'नं जोडता येतात, पण दोन्ही एकाच दिवसाच्या हव्यात. सोमवारची एक आणि गुरुवारची दुसरी घेतली तर मधल्या काळात कुणी बदललेला हद्दीवरचा नोड दोन आवृत्त्यांत येतो, मर्ज दोन्ही ठेवतं, आणि इम्पोर्ट पहिल्या काही मिनिटांत 'इनपुट डेटा इज नॉट ऑर्डर्ड: नोड आयडी अमुक अपिअर्स मोअर दॅन वन्स' म्हणून थांबते. मर्जऐवजी कॅट वापरलं तरी क्रम बिघडून हीच बोंब.

हा घोळच नको. तुमच्याकडे भारताची फाइल आहेच, तिच्यातून तुमचा चौकोन कापा. 'ऑस्मियम एक्स्ट्रॅक्ट -बी ७३.५,२०.३,७७.५,२४.५'. पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर या क्रमानं. यात शाजापूर, उज्जैन, बुऱ्हाणपूर, धुळे, जळगाव सगळं येतं. एक फाइल, एक तारीख.

एक खाच आहे. साधं कापलं तर जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या हद्दी अर्धवट राहतात. महाराष्ट्राची हद्द तुमच्या चौकोनात मावत नाही, ती तुटली की बहुभुज बनत नाही, आणि मग शिरपूरच्या दुकानाच्या पत्त्यात राज्यच येत नाही. म्हणून स्ट्रॅटेजी 'स्मार्ट' द्या आणि प्रकारांत मल्टिपॉलिगॉनच्या जोडीला बाउंड्रीही स्पष्ट लिहा. म्हणजे चौकोनाला शिवणाऱ्या हद्दी पूर्ण येतात. फाइल थोडी फुगते, फुगू दे.

कापायच्या आधी फाइल नीट उतरली आहे ना ते एमडी५ (फाइलचा ठसा) लावून पडताळा, शेजारीच ठेवलेली असते. अर्धी उतरली असेल तर 'ट्रंकेटेड डेटा' म्हणते, ते तरी समजतं. 'इन्व्हॅलिड ब्लॉबहेडर साइझ' आलं तर मात्र पीबीएफच्या नावाखाली एखादं एचटीएमएल पान सेव्ह झालेलं असतं, प्रॉक्सीचं किंवा लॉगिनचं. 'हेड' करून पहिल्या दोन ओळी बघायच्या, लगेच कळतं.

विकिमीडिया इम्पॉर्टन्सची फाइल इम्पोर्टच्या आधीच प्रोजेक्टच्या फोल्डरात टाका. ऐच्छिक आहे, पण एका नावाची चार गावं निघाली की कुठलं आधी दाखवायचं ते तिच्यावरून बरंचसं ठरतं. राजपूर म्हटलं तर तुम्हाला बडवानीकडचं हवं असणार, आणि देशात राजपूर किती असतील मोजायलाच नको.

जुना डीबीए, ग्वाल्हेर

ताई, कापण्याला माझी हरकत नाही, पण यांनी सेटिंग बदलल्यावर एकदा तरी अख्खा भारत चालवून बघावा असं माझं मत. छोटी फाइल आठ जीबीत आणि ६४ एमबीतही निघून जाईल, मग सेटिंग सुधारलं की नाही हे कळणारच नाही. सहा महिन्यांनी शेठ म्हणाले नागपूर लाइन सुरू करा, की पुन्हा इथेच येतील.

नकाशाताई, बडोदे

काका, त्यांना गाड्या सोडायच्या आहेत, परीक्षा द्यायची नाही. आधी कापलेली घालून काम सुरू करू दे, भारत रात्री बाजूला चालू दे की दुसऱ्या व्हॉल्यूमवर (डॉकरच्या वेगळ्या साठ्यात). डिस्क सातशे जीबी मोकळी आहेच.

डिस्पॅचवाला, इंदूर

दोघांचंही ऐकलं.

फाइल ताईंच्या चौकोनानं कापली, स्मार्ट लावून. कम्पोजमध्ये काकांचे आकडे घातले, रीस्टार्ट 'नो'. यूपीएस आहे, पण बॅटरी म्हातारी होती, ती शेठकडून बदलून घेतली. ६४ जीबी रॅम वाचली हे ऐकल्यावर बॅटरीला कुणी ब्र काढला नाही. संध्याकाळी इम्पोर्ट लावून समोर पोटपूजा करून आलो तर इंडेक्सिंग सुरू झालं होतं. रँक ३० संपलं, 'नॉमिनॅटिम अ‍ॅडमिन --चेक-डेटाबेस' सगळीकडे ओके.

मग अख्खा भारत वेगळ्या व्हॉल्यूमवर रात्रीला लावला, आणि कंटेनरच्या आत 'वॉच' लावून ती एसएचएमची ओळ बघत बसलो. बराच वेळ शून्य, शून्य. मग एकदम दीडशे एमबीच्या वर गेली, दोन-तीन वेळा डोळा मिचकावला असेल तेवढ्यात परत शून्य. ६४ ला तिथेच मेलं असतं हे स्वतः बघितलं. सकाळी डीमेसेजमध्ये नवी ओळ नाही, इंडेक्सिंग २६ पार करून ३० वर चाललेलं. वाट बघतोय पण आता काळजी नाही.

आता नवीन दुखणं. सेंधव्याची दुकानं सापडतात, शिरपूरला राज्य येतं, सगळं छान. पण निम्म्या पत्त्यांना 'काही सापडलं नाही' येतंय. नमुना देतो: 'शॉप नं. ४, पुराना बस स्टँड के पीछे, हनुमान मंदिर के सामने, सेंधवा'. नुसतं सेंधवा टाकलं की सापडतं.

नकाशाताई, बडोदे

हे इम्पोर्टचं दुखणं नाही, पत्त्यांचं आहे. आपल्याकडे सगळीकडे असंच. बडोद्यातही पत्ता म्हणजे निम्मा 'नी सामे' आणि 'नी पाछळ'.

नॉमिनॅटिमला 'के पीछे', 'समोर' यातलं काही कळत नाही. तुम्ही दिलेले शब्द तो नावांशी जुळवतो, आणि न जुळणारा शब्द मध्ये आला की सगळा शोध फसतो. दुकान नंबरही काढा. आपल्याकडे ओएसएममध्ये घरक्रमांक फार थोडे आहेत, तो शब्द फक्त आड येतो. आधी एक छोटी स्क्रिप्ट करून हे शब्द आणि त्यांच्या मागचं-पुढचं छाटा. उरलेलं एका ओळीत न देता सुटं द्या: रस्ता वेगळा, शहर वेगळं, राज्य वेगळं, पिनकोड वेगळा. सुटं देताना 'क्यू' हे (अख्खा पत्ता एका ओळीत द्यायचं) पॅरामीटर सोबत लावू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत. कंट्रीकोड 'आयएन' द्या आणि व्ह्यूबॉक्सला (कुठल्या भागात शोधायचं त्याला) तुमचाच चौकोन.

आधी रस्त्यासकट विचारा, नाही सापडलं तर रस्ता गाळून, तेही नाही तर पिनकोड आणि गाव. उत्तर कुठल्या पायरीवर मिळालं ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा. नाहीतर गावाच्या मध्यबिंदूवर पडलेली पन्नास दुकानं एकाच जागी दिसतील आणि ड्रायव्हर तुम्हाला शिव्या घालेल. ती दुकानं ड्रायव्हरकडूनच मोबाइलवर टिपून घ्या. रोज तिथेच जातात ना ते. विजयनगरच्या 'स्कीम' (क्रमांकाच्या वसाहती) आणि त्यांचे सेक्टर यांचंही तसंच करा, तिथे नकाशापेक्षा तुमचा माणूस पक्का. जमलं तर टिपलेलं ओएसएममध्येही भरा, पुढच्या इम्पोर्टला आपोआप येईल.

डिस्पॅचवाला, इंदूर

ड्रायव्हरचं डोक्यातच आलं नव्हतं. आमचा एक जण सेंधव्याच्या प्रत्येक मेडिकलवाल्याचा चहा प्यायलेला आहे.

शेवटचा प्रश्न. डेटा ताजा कसा ठेवायचा? रोजचे बदल जोडून घेता येतात असं वाचलं.

जुना डीबीए, ग्वाल्हेर

येतात, पण तुमच्या कापलेल्या फाइलला नका लावू. जिओफॅब्रिकचे रोजचे बदल भारताच्या पूर्ण फाइलसाठी असतात. ते जोडत गेलात तर आसाम-केरळमधले बदललेले तुकडेही तुमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडतील, ना धड तिथले, ना इथले. तुमच्या दुकानांचे पत्ते रोज बदलत नाहीत. दोन-तीन महिन्यांतून एकदा नवी फाइल उतरवा, कापा, दुसऱ्या व्हॉल्यूमवर वेगळ्या पोर्टनं इम्पोर्ट करा, चेक-डेटाबेस ओके आलं आणि तुमचे शंभरेक ओळखीचे पत्ते बरोबर निघाले की पोर्ट बदला. जुना व्हॉल्यूम लगेच उडवू नका, आठवडाभर राहू दे.

बदल जोडायचेच नसतील तर इम्पोर्टच्या वेळी '--नो-अपडेट्स' द्या, किंवा झाल्यावर 'नॉमिनॅटिम फ्रीझ'. अपडेटसाठी लागणारी टेबलं निघून जातात, जागा बरीच सुटते. भारताच्या डेटाबेसला मात्र फ्रीझ करू नका, तो रोजच्या बदलांवर ठेवता येईल. आणि तो पूर्ण झाला की रीस्टार्टची ओळ परत 'अनलेस-स्टॉप्ड' करा, नाहीतर मशीन रीबूट झाल्यावर सकाळी गाड्या उभ्या राहतील.